‘दिओस’, ‘दिओसेस’ आणि आपला ‘देव’
(एका शब्दाचा इतिहास)



ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं निघालेल्या पुस्तकांत मंदिराची पायाभरणी, घंटेची खरेदी, येऊन गेलेले धर्मगुरु आणि उदार दाते यांची हकीकत यावी, हें योग्यच आहे. परंतु धोंड्यावर धोंडा बसण्यापूर्वींच एक वस्तु आपल्या पूर्वजांच्या हातीं आलेली होती. ती वस्तु म्हणजे एक शब्द. ज्या शब्दानें त्यांनीं आपल्या प्रार्थनेस आरंभ केला, ज्या शब्दाच्या आधारानें त्यांनीं आपलीं मुलें वाढविलीं आणि आपले मृत पुरले, तो शब्द ‘देव’ हा होय. तो आपल्या तोंडीं इतका रुळलेला आहे कीं, त्याच्या जागीं दुसरा एखादा परका शब्द असूं शकला असता, ही कल्पनाहि आपणांस शिवत नाहीं.

आणि तरी वस्तुस्थिति अशी आहे कीं, ज्या सोळाव्या शतकांत कोंकणच्या किनाऱ्यावर सुवार्ता आली, त्याच शतकांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस लक्षावधि माणसांना बाप्तिस्मा देतांना त्यांच्या स्वतःच्या भाषेंतील शब्द पुरेसा मानला गेला नाहीं. त्यांना स्पॅनिश भाषेंतील ‘दिओस’ हा शब्द देण्यांत आला. हें कां झालें, त्यांतून काय साधलें आणि काय हरपलें, याचा विचार करणें हा या लेखाचा हेतु आहे. शब्दाची गोष्ट वरवर पाहतां वैयाकरणांची वाटते. परंतु या एका शब्दापायीं माणसांचे प्राण गेलेले आहेत, हें पुढें दिसून येईल.

१. शब्दाचें कुळ

स्पॅनिश भाषेंत ईश्वराला ‘दिओस’ म्हणतात. अनेक देव सांगावयाचे असल्यास ‘दिओसेस’, आणि देवीला ‘दिओसा’. हा शब्द लॅटिन ‘देउस’ यापासून आलेला आहे. पोर्तुगीज भाषेंत तर ‘देउस’ हेंच रूप कायम राहिलें. आतां लॅटिन ‘देउस’ आणि संस्कृत ‘देव’ हे एकाच आजाचे नातू आहेत. दोहोंच्या मुळाशीं प्रकाशणें, तेजस्वी आकाश, हा अर्थ आहे. संस्कृतांतील ‘द्यौः’, ग्रीकांचा ‘झेउस’ आणि रोमन लोकांचा ‘ज्युपितर’ हीं नांवेंहि त्याच घराण्यांतलीं. उलट, ज्या ग्रीक भाषेंत नवा करार लिहिला गेला तिच्यांतील ‘थेओस’ हा शब्द दिसावयास सारखा असला तरी या कुळांतला नव्हे. प्राचीन इराणांत तर हाच शब्द ‘दएव’ होऊन राक्षसाचें नांव बनला. एकाच शब्दाला एका अंगणांत आरती मिळावी आणि शेजारच्या अंगणांत धिक्कार मिळावा, असा हा प्रकार आहे. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण हाच खेळ पुढें पुन्हां पुन्हां दिसणार आहे.

‘दिओस’ या रूपांत एक विलक्षण गोष्ट आहे. स्पॅनिशमधील बहुतेक नामें लॅटिनच्या द्वितीया विभक्तीपासून निघालेलीं आहेत. त्या नियमानें हा शब्द ‘दिओ’ असा व्हावयास पाहिजे होता. परंतु प्रार्थनेंत व उपासनेंत प्रथमेचें रूप नित्य कानीं पडत असल्यामुळें शेवटचा ‘स’ टिकून राहिला. आतां स्पॅनिश भाषेंत ‘स’ हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे. ‘लीब्रो’ म्हणजे पुस्तक, ‘लीब्रोस’ म्हणजे पुस्तकें. यामुळें घडलें असें कीं, जो एकच आहे त्याच्या नांवाच्या अंगावर अनेकवचनाचा अंगरखा चढला. आणि जे खरोखरच अनेक होते त्यांच्यासाठीं त्यावर आणखी एक प्रत्यय लावून ‘दिओसेस’ म्हणावें लागलें.

स्पेनमधील यहुदी लोकांच्या कानाला हा ‘स’ खटकला. ते ‘एल दिओ’ असेंच म्हणत. एकमेव परमेश्वराच्या नांवास अनेकवचनाची छायासुद्धां नको, असें त्याचें कारण परंपरेनें सांगतात. इ. स. १४९२ मध्यें स्पेनच्या राजाराणीनें त्यांना देशाबाहेर घालविलें, तेव्हां घरदार मागें राहिलें, पण हा शब्द त्यांनीं बरोबर नेला. इ. स. १५५३ मध्यें इटलींतील फेर्रारा येथें त्यांच्यासाठीं छापलेल्या स्पॅनिश बायबलांत ‘दिओ’ असेंच आहे. घर सुटलें, भाषा सुटली नाहीं, आणि भाषेंत देवाचें नांव त्यांनीं आपल्या श्रद्धेच्या मापानें बेतून घेतलें! गंमत अशी कीं, त्यांच्या स्वतःच्या पवित्र हिब्रू भाषेंतील ‘एलोहीम’ हा शब्द रूपानें अनेकवचनीच आहे. मात्र खऱ्या देवाविषयीं बोलतांना त्याच्यापुढें क्रियापद एकवचनी येतें. तात्पर्य, शब्दाच्या रूपापेक्षां तो कसा वापरला जातो यालाच महत्त्व अधिक.

स्पॅनिश लोकांनीं आपल्यापुरता हा प्रश्न लेखणीनें सोडविला. एका खऱ्या परमेश्वराविषयीं लिहितांना ‘दिओस’चें आद्याक्षर मोठें काढावयाचें, ज्युपितरादि देवांविषयीं लिहितांना लहान. बोलतांना मात्र दोहोंत भेद नाहीं. बोलण्यांत तर हा शब्द त्यांच्या घरादारांत मुरलेला आहे. निरोप घेतांना ते ‘आदिओस’ म्हणतात. म्हणजे ‘देवाच्या स्वाधीन’. भिकाऱ्याला ‘पोर्दिओसेरो’ म्हणतात. कारण तो ‘पोर दिओस’, देवासाठीं द्या, असें म्हणत दारोदार फिरतो. आणि ‘असें होवो’ या अर्थीं ते ‘ओहाला’ म्हणतात, तो शब्द अरबी आहे. त्याच्या पोटांत ‘अल्ला’ हें नांव लपलेलें आहे. सुमारें आठ शतकें मुसलमानांच्या शेजारीं व कित्येक ठिकाणीं त्यांच्या अमलाखालीं राहिलेल्या लोकांच्या जिभेवर ती खूण उरली. आपल्या गोमंतकीय बांधवांच्या ‘देव बरें करूं’ या आभाराच्या शब्दांशीं हें सर्व ताडून पाहण्यासारखें आहे. माणूस भेटतांना व निरोप घेतांना, देतांना व घेतांना देवाला साक्षी ठेवतो, तें सर्वत्र सारखेंच.

२. रोमच्या देवळांतून ख्रिस्तमंदिरांत

येथें एक प्रश्न उभा राहतो. ‘देउस’ हा शब्द ख्रिस्ती लोकांनीं घडविला काय? नाहीं. तो रोमन लोकांनीं ज्युपितर, मार्स, अपोलो यांजसाठीं शतकानुशतकें वापरलेला होता. ज्या देवळांत बैल कापले जात, त्या देवळांतला तो शब्द. लॅटिन बोलणाऱ्या आद्य ख्रिस्ती लोकांनीं त्यासाठीं हिब्रू भाषेंतून नवा शब्द आणिला नाहीं, ग्रीकांकडूनहि उसना घेतला नाहीं. त्यांनीं तोच जुना शब्द उचलला, त्याला ‘एक’, ‘सर्वसमर्थ’, ‘आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता’ अशीं विशेषणें जोडलीं, आणि ज्याच्या नांवानें त्यांचा छळ झाला त्यालाच तो वाहिला. शब्दाचाच जणूं बाप्तिस्मा झाला. या गोष्टीस इतकीं शतकें लोटलीं कीं, पुढें स्पेनच्या मठांत वाढलेल्या साधूंना ‘दिओस’ हा शब्द जन्मतःच ख्रिस्ती वाटूं लागला; तो एके काळीं ज्युपितरच्या दाराशीं उभा होता, हें त्यांच्या ध्यानीं राहिलें नाहीं.

अनेकवचनाचें ‘दिओसेस’ मात्र जुन्याच अर्थानें उरलें. त्यावर स्तोत्रसंहितेंतील एका वचनाची छाया पडली. मूळ हिब्रूंत त्या ठिकाणीं राष्ट्रांचे देव निःसत्त्व, पोकळ मूर्ति आहेत, असा अर्थ आहे. ग्रीक भाषांतरकारांनीं तेथें भुतांचा वाचक शब्द घातला, लॅटिन स्तोत्रग्रंथानें तोच स्वीकारला, आणि मूर्ति म्हणजे पोकळ लाकूड हें मत मागें पडून मूर्ति म्हणजे साक्षात् सैतान हें मत पुढें आलें. एका शब्दाच्या भाषांतरानें केवढा फरक पडला पाहा! पोकळ लाकडाची कींव करतां येते. सैतानाशीं युद्धच करावें लागतें.

याचें एक उदाहरण आपल्या किनाऱ्याशीं संबद्ध आहे. पोर्तुगीज महाकवि कामोंइश यानें कांहीं वर्षें गोव्यांत काढलीं होतीं. वास्को द गामाच्या सफरीवरील त्याचें महाकाव्य इ. स. १५७२ मध्यें लिस्बन येथें छापलें गेलें. त्यांत व्हीनस व बॅकस या रोमन देवता पोर्तुगीज गलबतांच्या साहाय्यास व विरोधास येतात. ग्रंथ तपासणारे फ्रायर बार्तोलोमेउ फेरैरा यांनीं संमति दिली. परंतु हे देव केवळ काव्यांतील कल्पना आहेत आणि अन्यधर्मीयांचे सर्व देव हीं भुतेंच होत हें सत्य अबाधित राहतें, असा शेरा आपल्या संमतिपत्रांत मारून ठेवला. रोमच्या मेलेल्या देवांना काव्याची मोकळीक मिळाली. जिवंत लोकांच्या जिवंत देवांना ती मिळावयाची नव्हती.

३. ‘तेऊलेस’

इ. स. १५१९ मध्यें एर्नान कोर्तेस हा सुमारें पांचशें सैनिकांसह मेक्सिकोच्या किनाऱ्यास लागला. तेथील नाउआत्ल भाषेंत देवतेला ‘तेओत्ल’ म्हणत, अनेकवचनीं ‘तेतेओ’. कोर्तेसबरोबरचा शिपाई बेर्नाल दियास देल कास्तियो यानें वृद्धपणीं लिहिलेल्या इतिहासांत असें सांगितलें आहे कीं, तेथील लोक आम्हांस ‘तेऊलेस’ म्हणूं लागले. हा त्या ‘तेतेओ’ शब्दाचाच स्पॅनिश जिभेनें केलेला अपभ्रंश. आणि त्याचा अर्थ तो देव किंवा भुतें, असा दुहेरी देतो. ज्यास मान समजावें कीं भय समजावें हें कळूं नये, असा तो शब्द होता.

या एका शब्दावरून पुढें मोठी दंतकथा उभी राहिली: भोळ्या इंडियन लोकांनीं गोऱ्या माणसांना देव मानलें आणि म्हणून राज्य गमावलें. आजचे अभ्यासक ही गोष्ट जशीच्या तशी स्वीकारीत नाहींत. आणि त्यांचीं कारणें सबळ आहेत. खुद्द कोर्तेसनें आपल्या राजास लिहिलेल्या पत्रांत आपण देव मानले गेलों असा दावा कोठें केलेला नाहीं. उलट १५२० सालच्या त्याच्या पत्रांत असें आहे कीं, राजा मोक्तेसूमा यानें आपलीं वस्त्रें बाजूस सारून आपलें अंग दाखविलें आणि मी तुमच्यासारखाच हाडामांसाचा आहें, मला कोणी देव म्हणत असतील तर तें खरें मानूं नका, असें पाहुण्यांस सांगितलें! कोर्तेस म्हणजे परत आलेला केत्साल्कोआत्ल देव, ही कथा जिंकल्यानंतर काही दशकांनीं लिहिली गेली.

दुसरें असें कीं, ‘तेओत्ल’ या शब्दाचा पसारा ‘दिओस’पेक्षां पुष्कळ मोठा होता. जें जें विराट, गूढ, थक्क करणारें किंवा भयंकर, त्याला तो शब्द लागे. समुद्र म्हणजे ‘तेओआत्ल’, जणूं दिव्य जल. उत्सवांत देवतेचा वेष घेऊन वावरणाऱ्या माणसासहि त्या दिवसापुरतें देवतेचें रूप मानीत. आणि ज्या सोन्यासाठीं स्पॅनिश शिपाई वेडेपिसे झाले होते, त्याला त्या भाषेंत ‘तेओकुइत्लात्ल’, म्हणजे देवाची विष्ठा, म्हणत. अशा शब्दाचें भाषांतर एका ‘दिओस’नें करणें म्हणजे घागरींतलें पाणी शिंपल्यांत ओतणें होय.

आतां जी गोष्ट सांगावयाची आहे ती प्रत्येक ख्रिस्ती माणसानें ऐकण्यासारखी आहे. इ. स. १५२४ मध्यें फ्रान्सिस्कन संघाचे बारा साधु फ्रायर मार्तिन दे व्हालेन्सिया यांच्या पुढारीपणाखालीं अनवाणी चालत मेक्सिको शहरीं आले. त्यांपैकीं एक फ्रायर तोरिबिओ. लोक त्यांच्या फाटक्या झग्याकडे पाहून ‘मोतोलिनिया’, म्हणजे गरीब, असें म्हणत होते. त्या शब्दाचा अर्थ कळतांच त्यांनीं तेंच आपलें नांव म्हणून घेतलें. हे मोतोलिनिया लिहितात कीं, तीन वर्षांहून अधिक काळ लोक स्पॅनिश माणसांना ‘तेऊलेस’ म्हणत राहिले. मग साधूंनीं त्यांना समजावून सांगितलें कीं, देव एकच आहे आणि या माणसांना नुसतें ‘ख्रिस्ती’ म्हणावें. हें ऐकून कित्येक मूर्ख स्पॅनिशांना राग आला आणि त्यांनीं साधूंविरुद्ध तक्रार केली!

बंधूंनो, या प्रसंगाचा क्षणभर विचार करा. मूर्ति फोडावयास निघालेल्या माणसांनाच स्वतःची मूर्ति सोडवेना. देवत्वाचें नांव फुकट मिळालें होतें. तें परत द्यावयास त्यांना जड गेलें. ‘ख्रिस्ती’ म्हणवून घेणें हें त्यांना खालच्या पायरीवर उतरणें वाटलें. पहिल्या आज्ञेचा भंग नेहमीं देवळांतच होतो असें नाहीं. तो आरशासमोरहि होतो.

४. साधूंची निवड

साधूंसमोर खरा पेंच होता. ‘तेओत्ल’ हा शब्द परमेश्वरास लावावा, तर जुन्या देवांच्या पंक्तींत आणखी एक पान वाढल्यासारखें होणार. न लावावा, तर लोकांना कळावयाचें कसें? त्यांनीं मधली वाट काढली. परमेश्वराचें नांव ‘दिओस’ असें स्पॅनिशच ठेवलें, आणि तो कोण हें सांगतांना ‘एकच एक तेओत्ल’ असें म्हटलें. जुन्या प्रार्थनांतील कांहीं सुंदर बिरुदेंहि त्यांनीं ठेवलीं: ‘इपाल्नेमोउआनी’, ज्याच्या योगें सर्व जगतें तो, ‘त्लोके नाउआके’, जो सर्वांच्या जवळ व सर्वांस व्यापून आहे तो. धर्मगुरूला ‘तेओपिश्की’, म्हणजे देवाचा राखणदार, हाच जुना शब्द राहिला. म्हणजे मंदिर, पुरोहित, बिरुदें हीं सर्व तेथलीं. यजमानाचें नांव तेवढें स्पेनचें.

हा निर्णय केवळ कागदावर राहिला नाहीं. तेश्कोकोचा एक सरदार दोन कार्लोस ओमेतोच्त्सिन हा बाप्तिस्मा घेतलेला होता. पूर्वजांची रीत सोडूं नये असें तो लोकांस शिकवितो, असा त्याजवर आरोप आला. साधूंच्या निरनिराळ्या संघांचे जर वेष व रीति निरनिराळ्या आहेत आणि तरी त्या चालतात, तर आमच्या पूर्वजांची रीत कां चालूं नये, असें तो म्हणाल्याचें साक्षींत आलें. ३० नोव्हेंबर १५३९ रोजीं मेक्सिको शहरांत त्याला जाळण्यांत आलें. न्यायासनावर बिशप हुआन दे सुमार्रागा होते. ज्यांच्यापुढें १५३१ सालीं हुआन दिएगोनें ग्वादालुपे मातेचीं फुलें पसरलीं असें परंपरा सांगते, तेच हे बिशप. या शिक्षेबद्दल त्यांना स्पेनहून ठपका आला; आणि १५७१ सालीं मेक्सिकोंत धर्मन्यायसभा रीतसर स्थापन झाली तेव्हां इंडियन लोक तिच्या अधिकाराबाहेर ठेवण्यांत आले. ज्युबिलीच्या पुस्तकांत अशी गोष्ट सांगावी कीं नाहीं, असें कोणी विचारील. सांगावी. ज्युबिली हें बायबलांत क्षमेचें व मुक्ततेचें वर्ष आहे. आणि ज्याची क्षमा मागावयाची तें झांकून ठेवून क्षमा मागतां येत नाहीं.

याच काळांत फ्रायर बेर्नार्दिनो दे सआगून हे साधु होऊन गेले. ते १५२९ सालीं आले आणि १५९० सालीं तेथेंच वारले. त्लातेलोल्को येथील विद्यालयांत त्यांनीं नाउआत्ल तरुणांना लॅटिन शिकविलें आणि त्यांच्याच साहाय्यानें, वृद्धांना विचारून विचारून, त्या लोकांच्या देवांविषयीं, सणांविषयीं, औषधांविषयीं व रोजच्या जीवनाविषयीं बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला: एका बाजूस नाउआत्ल, दुसऱ्या बाजूस स्पॅनिश. पहिल्या खंडांत ते मेक्सिकोच्या ‘दिओसेस’ची ओळख रोमन देवांच्या द्वारें करून देतात: हुइत्सिलोपोच्तली हा दुसरा हर्क्युलिस, तेस्कात्लिपोका हा दुसरा ज्युपितर. रोग ओळखल्याशिवाय वैद्याला औषध देतां येत नाहीं, हा त्यांचा हेतु होता. परंतु रोगी म्हणून ज्याच्या उशाशीं बसले त्याच्यावर त्यांचें प्रेम जडलें, हें पानोपानीं दिसतें. राजा दुसरा फिलिप यानें १५७७ सालीं तो ग्रंथ जप्त करण्याचा हुकूम काढला. आज त्याची उत्कृष्ट प्रत फ्लोरेन्सच्या ग्रंथालयांत आहे.

सआगून यांनींच १५६४ सालीं बारा साधूंचा तेथील जाणत्यांशीं झालेला संवाद जुन्या कागदांवरून लिहून काढला. त्यांत ते जाणते मोठ्या नम्रतेनें म्हणतात कीं, आमचे देव हे देवच नव्हत असें तुम्ही सांगतां. हें बोलणें आम्हांस नवीन आहे, त्यानें आमचें मन हादरतें. आमच्या वाडवडिलांनीं असें कधीं सांगितलें नाहीं. आमचें राज्य गेलें, तेवढें पुरे नाहीं काय? वादांत हे लोक हरले असें तो ग्रंथ दाखवितो. पण वाचणाऱ्याच्या कानांत घुमत राहतो तो त्यांचाच प्रश्न.

इतकें प्रेम असूनहि शब्दांच्या बाबतींत सआगून कठोर होते. तेपेयाकच्या टेकडीवर ग्वादालुपे मातेच्या दर्शनास येणारे लोक तिला ‘तोनान्त्सिन’, म्हणजे आमची आई, म्हणत. पूर्वीं त्याच जागीं त्या नांवाच्या देवीचें स्थान होतें, म्हणून हें नांव सैतानाचा डाव आहे, तिला ‘दिओस इनान्त्सिन’, म्हणजे दिओसची आई, असेंच म्हणावें, असें त्यांनीं लिहून ठेवलें. शास्त्रदृष्ट्या त्यांचें म्हणणें बिनचूक होतें. परंतु दुःखांत असलेलें मूल शास्त्र पाहून आईला हांक मारीत नाहीं. लोक ‘आमची आई’ म्हणत राहिले. आणि ज्या साध्या इंडियन माणसाच्या नांवाशीं ती कथा जोडलेली आहे, त्या हुआन दिएगोला २००२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं संतपद दिलें. संशयाच्या जागीं मान्यता येण्यास चार शतकांहून अधिक काळ लागला.

५. पेरू, फिलिपाइन्स व जपान

पेरू देशांतहि हेंच झालें. येशूसंघाचे विद्वान फादर होसे दे आकोस्ता यांनीं १५९० सालच्या आपल्या ग्रंथांत असें लिहिलें कीं, या लोकांच्या भाषांत लॅटिन ‘देउस’च्या तोडीचा शब्दच नाहीं, म्हणून उपदेशक स्पॅनिश ‘दिओस’च वापरतात. यास उत्तर दिलें तें इंका गार्सिलासो दे ला व्हेगा यांनीं. हे बापाकडून स्पॅनिश व आईकडून इंका राजघराण्यांतले, आणि स्वतः ख्रिस्ती. १६०९ सालच्या ग्रंथांत ते म्हणतात कीं, तुमच्या भाषेंत देवाला काय म्हणतात असें मला कोणी विचारलें, तर मी ‘पाचाकामाक’, म्हणजे विश्वाला प्राण देणारा, असें सांगेन. आणि ‘उआका’ या शब्दाचे अनेक अर्थ आहेत, तो दिसेल तेथें देव समजणें ही परक्यांची चूक होय. आईच्या दुधाबरोबर जी भाषा मिळाली तिला देवाचें नांव घेतां येत नाहीं, असें कोणी म्हटल्यास मुलगा गप्प कसा बसेल?

फिलिपाइन्स बेटांतील गोष्ट तर आपल्या अधिकच जवळची. १५९३ सालीं मनिला येथें छापलेल्या तागालोग धर्मशिक्षणांत ‘दिओस’ हाच शब्द आहे, आणि आजहि तेथें तोच चालतो. तेथील जुने शब्द दोन: ‘बाथाला’ आणि ‘दिवाता’. पहिला संस्कृत ‘भट्टार’ यापासून व दुसरा संस्कृत ‘देवता’ यापासून, समुद्रमार्गें फार पूर्वीं तेथें पोंचलेला. म्हणजे स्पेनच्या ‘दिओस’नें तेथें आपल्याच भारतांतल्या चुलत बहिणीला घराबाहेर काढलें, दोघांनाहि आपलें नातें ठाऊक नव्हतें!

निवड सोपी नव्हती हेंहि मान्य केलें पाहिजे. आपले संत फ्रान्सिस झेवियर १५४९ सालीं जपानांत गेले, तेव्हां त्यांनीं प्रथम परमेश्वरासाठीं तेथीलच ‘दाइनिची’ हा शब्द घेतला. तें बौद्ध संप्रदायांतील महावैरोचनाचें नांव आहे असें कळून येतांच १५५१ सालीं त्यांनीं तो टाकून ‘देउस’ हा शब्द घेतला. तेव्हां विरोधकांनीं त्याचा उच्चार ‘दाइ-उसो’ म्हणजे ‘मोठें खोटें’ असा करून टवाळी केली. आपला शब्द घ्यावा तर घोटाळा, परका घ्यावा तर थट्टा, असा हा पेंच होता.

६. आपल्या घरीं

आतां आपल्याकडे वळूं. येथें आलेल्या पोर्तुगीजांचा शब्द ‘देउस’. पाद्री, क्रूस, नाताळ हे शब्द त्यांनीं आणिले आणि आपण ठेवले. गोव्यांत मंदिरालाहि ‘इगर्जी’ म्हणूं लागले. पण ‘देउस’ आपल्या ओटीवर चढला नाहीं. येथेंहि देवळें पडलीं. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायसभा आली. १६८४ सालीं व्हाइसरॉयनें कोंकणी भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. हें सर्व होऊनहि प्रार्थनेंतला ‘देव’ देवच राहिला.

याचें श्रेय ज्यांना द्यावयाचें त्यांत फादर थॉमस स्टीफन्स अग्रगण्य आहेत. हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले आणि साष्टींत त्यांनीं आयुष्य घालविलें. त्यांचें ‘क्रिस्तपुराण’, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें, १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. त्यांत परमेश्वर आहे, देव आहे, स्वर्गाला वैकुंठहि म्हटलेलें आहे. ज्या वर्षीं तिकडे कोर्दोबा येथें आईच्या भाषेसाठीं भांडणारे गार्सिलासो वारले, त्याच वर्षीं इकडे एका परक्यानें मराठीला आईसारखें मानून हें पुराण छापविलें, हा योगायोग विसरण्यासारखा नाहीं.

तरी शब्दांचा खेळ येथेंहि चुकला नाहीं. कोंकणांतील हिंदु बांधव गांवाच्या राखणदारास ‘देवचार’ म्हणून नारळ ठेवतात. गोव्यांतील ख्रिस्ती माणसाच्या तोंडीं मात्र ‘देवचार’ म्हणजे सैतान. इराणचा ‘दएव’ व बेर्नाल दियासचे ‘तेऊलेस’ वाचकांस येथें आठवतील. शेजाऱ्याच्या पूज्य वस्तूला शिवीचें रूप देणें ही माणसाची जुनी खोड आहे. ती ओळखून जपून बोलणें हें आपलें काम. इतर धर्मांत जें सत्य व पवित्र आहे त्यांतील कांहींहि ख्रिस्तसभा झिडकारीत नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं सांगितलें आहे.

आपल्या ‘देव’ शब्दाचा एक गुण मुद्दाम लक्षांत घ्यावा. मराठींत तो एकवचनीं व अनेकवचनीं सारखाच: एक देव, अनेक देव. यहुद्यांना खटकलेला ‘स’ आपल्याकडे नाहीं, पण अडचण तीच. आणि स्पॅनिशांसारखें मोठें आद्याक्षर काढावें, तर देवनागरी लिपींत लहानमोठें अक्षरच नाहीं. मग आपला एक देव ओळखावयाचा कसा? आपल्या पूर्वजांनीं हिब्रूची रीत न शिकतां उचलली: क्रियापद एकवचनी ठेवलें. गांवच्या पाटलाला आपण ‘आले, बसले’ म्हणतों. गुरुजींना ‘तुम्ही’ म्हणतों. पण ‘देव बोलला’ म्हणतों, आणि त्याला ‘तूं’ म्हणतों. ज्याच्याइतका मोठा कोणी नाहीं त्यालाच आदराचें अनेकवचन नाहीं. त्या एका ‘तूं’मध्यें आपला सारा विश्वासांगिकार आहे आणि आईला हांक मारण्याची जवळीकहि आहे.

मेक्सिकोंत २०२० सालच्या जनगणनेप्रमाणें सोळा लाखांहून अधिक लोक नाउआत्ल बोलतात, आणि त्यांच्या प्रार्थनेंत ‘दिओस’ आहे. चार-पांच शतकांत तो परका शब्द त्यांचा झाला. अश्रूंनीं व नवसांनीं धुऊन त्यांनीं तो आपला केला. म्हणून ‘दिओस’ वाईट व ‘देव’ चांगला, असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. दोन्ही शब्द एकाच तेजाचे, दोन्ही एके काळीं दुसऱ्यांच्या देवळांतले. फरक इतकाच कीं, त्यांच्या पूर्वजांना तो शब्द शिकावा लागला आणि आपल्या पूर्वजांना तो घरांतच सांपडला. हें आपलें भाग्य आहे. आणि भाग्याबरोबर जबाबदारी येते.

जो शब्द आपण शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतला आहे, तो त्यांच्यासमोर रोज परीक्षेस लागतो. स्पॅनिश माणूस मोठें अक्षर काढून म्हणूं शकतो कीं, हा तो खरा देव. आपल्या लिपींत ती सोय नाहीं. आपला देव कोणता, हें आपल्या बाजारांतल्या मापावरून, बांधाच्या तंट्यांत आपण काय बोललों त्यावरून, आजाऱ्याच्या दारीं आपण गेलों कीं नाहीं यावरूनच लोकांनीं वाचावयाचें आहे. ज्युबिलीच्या वर्षीं मंदिराला नवा रंग लागावा, घंटा नवी यावी. पण जो शब्द त्या घंटेच्याहि आधींपासून आपल्याकडे आहे, तो आपण कोणत्या जिभेनें उच्चारतों, याचा प्रत्येक घरानें विचार करावा. तसें झाल्यास पुढील ज्युबिलीला आपलीं नातवंडें हाच शब्द आपल्याकडून आनंदानें वारशानें घेतील.

देव आपणां सर्वांचें बरें करो. आमेन.